पाण्याचे डोहाळे

आमच्या इमारतीत भर दुपारी एक तान्हं मूल रडायचं, आणि आमच्या इमारतीत तान्हं मूल नव्हतं. इथून सुरुवात केली की ऐकणारे हातातला कप खाली ठेवतात. मला ते फार आवडतं, म्हणून मी नेहमी इथूनच सुरुवात करते.

हडपसरला तेव्हा उसाच्या जागी इमारती उगवत होत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून राहिलेला ऊस दिसायचा आणि पुढच्या खिडकीतून काचेची आयटी कंपनी. आमची इमारत सात मजली, नवी कोरी आणि निम्मी रिकामी. घरं सगळी विकली गेली होती, पण घेणारे परदेशात. दारांवर पितळी पाट्या, आत कुणी नाही. आमच्या बरोबर वरच्या घराला तर वास्तुशांतीचं तोरणही होतं, वाळून तपकिरी झालेलं. नवरा सकाळी कंपनीच्या बसने जायचा. माझं काम अमेरिकेच्या घड्याळावर चालायचं. मला न्यायला गाडी यायची ती दिवेलागणीला. त्यामुळे दिवसभर त्या सात मजल्यांत जाग म्हणून मी, माझ्या सासूबाई, पहिल्या मजल्यावरच्या नागपूरकडच्या काकू, आणि लिफ्टमधली ती ध्वनिमुद्रित बाई. कुठल्यातरी रिकाम्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं राहिलं की ती दुपारभर ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणत बसायची. बंद कोण करणार, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

त्यात हे रडणं.

मी ते पहिल्यांदा ऐकलं न्हाणीघरात, डोक्यावर शाम्पू असताना. आवाज खिडकीबाहेरच्या डक्टमधून येत होता, त्या उभ्या अंधाऱ्या बोळातून, जिथून सगळ्या मजल्यांचे पाइप खाली उतरतात. आधी कण्हल्यासारखा, मग चढत जाणारा, भुकेल्या बाळाचा. मी तशीच टॉवेल गुंडाळून बाहेर आले. सासूबाई शेंगा सोलत होत्या.

“आई, वरच्या घरात बाळ आहे.”

“वरच्या घरात कुलूप आहे,” त्या म्हणाल्या. “केस पूस. गळतायत.”

सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. जन्म पेठेत, लग्न पेठेत, संसार पेठेतल्याच दोन खोल्यांत. आमच्याकडे राहायला आल्यावर ओळखीचं कुणी भेटलं, की त्या सांगायच्या, “सध्या पुण्याबाहेर असते.” कमी बोलायच्या. शब्द रेशनवर मिळाल्यासारखे वापरायच्या आणि त्यातले निम्मे टोमण्यांत खर्च करायच्या. मी बडबडी, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. येताना त्यांनी एक ट्रंक, एक पाट आणि एक मांजर आणली होती. राखाडी, पिवळ्या डोळ्यांची, शेजारच्या कौलांवर सापडलेली. तिला नाव नव्हतं. सासूबाई तिला ‘बाई’ म्हणायच्या, आणि अहोजाहो करायच्या. मला अगंतुगं आणि मांजरीला अहोजाहो. “त्या माझी सून नाहीत,” हे त्यांचं स्पष्टीकरण.

तर रडणारं बाळ म्हणजे बाईच. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंच्या न्हाणीघराचं दार ढकललं, तर ती उलट्या बादलीवर बसून डक्टच्या झरोक्याकडे तोंड करून आक्रोश करत होती. ती माजावर आली होती. पण मला काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीने. ती एकदा ओरडायची, थांबायची, कान त्या अंधाराकडे वळवायची आणि बराच वेळ ऐकत राहायची. मग पुन्हा ओरडायची. आपण फोनवर बोलतो ना, तसं. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबून.

मी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. “पत्रे, पाइप, प्रतिध्वनी,” तो म्हणाला. त्याच्या कंपनीत असल्या त्रोटक उत्तरांसाठीच त्याला पगार मिळायचा.

हे माजावर येणं एकदाचं नव्हतं. थोडे दिवस शांतता, की परत सुरू. जमिनीवर लोळण, मागचा भाग वर, शेपूट बाजूला, आणि तो आवाज. लस टोचायला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हिची पिल्लांची पिशवी काढून टाका. नाहीतर पुढे पिशवीत पू होतो, स्तनांत गाठी होतात, मांजरांत त्या बहुधा वाईटच निघतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आधी एकदा पिल्लं होऊ देत. मग बघू.”

“आजी, तशी काही गरज नसते.”

“गरज तुम्हाला नसेल.”

घरी येताना मी विषय काढला. सासूबाई रिक्षाच्या बाहेर बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, “माझी पिशवी काढली तेव्हा मी झोपेत होते. गाठ काढायला म्हणून नेलं होतं. उठले तर हे म्हणाले, डॉक्टरांनी पिशवीच काढली, बरं झालं, कटकट गेली. विचारलं नव्हतं कुणी.” मग पदर सारखा केला. “मांजर विकत घेतलेली नाही मी. आपणहून आलेली आहे.” पिशवीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मात्र तिचं ते तळमळणं त्यांना बघवत नसे. त्यांनी त्याचं निदान आपल्या अनुभवातून केलं: कंबर दुखतेय. बाई ओरडू लागली, की त्या मांडी घालून बसायच्या, गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायच्या, आणि तिची कंबर, शेपटीच्या मुळापर्यंत, दोन बोटांनी चोळत राहायच्या. आमच्याकडच्या बायका पाळीच्या वेळी एकमेकींची चोळून देतात तशी. बाई पाय ताठ करून, डोळे मिटून चोळून घ्यायची. कधी एकदम किंचाळून पाठीवर उलटायची आणि गरागरा लोळायची. “उतरलं बघ,” सासूबाई म्हणायच्या. आणि खरंच, एकदा ते उतरलं ते उतरलंच. रडणं थांबलं.

इमारत इतकी गप्प झाली की लिफ्टमधल्या बाईची मला सोबत वाटू लागली.

मग वस्तू नाहीशा होऊ लागल्या. नवऱ्याचा मोजा. माझी केसांची फीत. सासूबाईंच्या विणकामाची निळी लोकर, गुंड्यासकट. कंपनीत गळ्यात घालायच्या ओळखपत्राची माझी पट्टी गेली तेव्हा मी सगळं घर पालथं घातलं. कपाटाच्या तळच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागे, सगळं सापडलं. मोजा, फीत, लोकर, पट्टी, गोलाकार मांडलेलं. मध्ये बाई कुशीवर पडलेली, पोट त्यांच्याकडे करून. ती माझ्याकडे न बघता मोजा चाटत होती, जन्मलेल्या पिल्लाला चाटावं तशी.

“आई,” मी म्हटलं, “हे बघा.”

सासूबाई खाली वाकल्या. त्यांनी हात घालून तिचं पोट चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

“बाई गाभण आहेत,” त्या म्हणाल्या.

पाचवा मजला. प्रत्येक खिडकीला डासांची जाळी. दाराबाहेर तिने कधी पाऊल टाकलेलं नाही. आमच्या घरात नर म्हणण्यासारखा एकच प्राणी होता आणि तो त्या वेळी कंपनीत होता. मी एकेक जाळी तपासली. न्हाणीघराच्या झरोक्याला काचेच्या पट्ट्या होत्या, मधल्या फटीतून माझा हात जाईना. काकूंना बोलावलं. त्या वर आल्या, पोट बघितलं, जाळ्या बघितल्या, आणि खुर्चीत टेकल्या.

“काऊन बाई,” त्या मला म्हणाल्या, “मंग आला कुठून बोका?”

“तेच तर.”

“माझ्या माहेरी सांगत, काही घरात येणाऱ्याला दार लागत नाही.” त्यांनी वर छताकडे बघितलं, म्हणजे त्या कुलूपबंद घराकडे. मीही बघितलं.

“येणाऱ्याने निदान पायपुसण्याला पाय पुसले,” सासूबाई म्हणाल्या. “डाग नाहीत.”

माझ्या सुट्टीच्या रात्री जेवताना नवऱ्याने हे ऐकलं आणि फक्त, “इनपुट नाही आणि आउटपुट आहे? तपासा नीट,” एवढं म्हणून भात कालवला. घरात तेवढं एक बरोबर वाक्य बोललं गेलं आणि ते आम्ही आमटीबरोबर गिळून टाकलं.

पोट वाढत गेलं. बाई खाईना. मासळी आणली, हुंगून तोंड फिरवलं. मात्र पाणी. ती वाटीतलं पाणी संपवायची, मग बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकवून आत वाकायची, मग फुलदाणीतलं, मग देवासमोरच्या फुलपात्रातलं. दुपारी सगळं चिडीचूप असताना घरात कुठेतरी लपलप, लपलप, एवढाच आवाज. सासूबाईंना ओळख पटली.

“डोहाळे लागलेत,” त्या म्हणाल्या. “पाण्याचे.”

डोहाळे पुरवायचे असतात. न पुरवले तर होणाऱ्या लेकराच्या तोंडाला लाळ सुटते म्हणतात. मातीचे, राखेचे, कैरीचे डोहाळे पुरवलेले सासूबाईंनी बघितले होते. पाणी तर फुकट होतं. त्यांनी घरभर पाणी ठेवलं. प्रत्येक खोलीत एक पितळी वाटी, पलंगाखाली परात, कपाटाशी वाडगा, माठातलं गार, वाळा घातलेलं. बाहेरचं ऊन त्या भांड्यांवर पडायचं आणि छतावर उजेडाचे गोल उमटायचे. मी कॉटवर पडून बघत असे. एखादा गोल एकदम थरथरू लागायचा. म्हणजे पलीकडच्या खोलीत ती पीत असायची. तो थांबायचा, आणि दुसऱ्या खोलीतला थरथरायचा. मांजर दिसायची नाही. नुसतं छत हलायचं.

कधी ती प्यायचीही नाही. पाण्यावर तोंड आणून बसून राहायची, नाकाचा शेंडा पाण्यापासून जराशा अंतरावर, डोळे अर्धवट. आपलं नाव आठवत नसल्यासारखी.

डोहाळजेवणाची कल्पना काकूंची. आसपासच्या इमारतींतल्या त्यांच्या भिशीच्या बायकांना काहीतरी निमित्त हवंच होतं. त्यातल्या एकीने माझ्या सपाट पोटाकडे बघून म्हटलंही, “सासूबाई वाट बघून कंटाळल्या वाटतं. चला, मांजरीचं तरी.” सासूबाईंनी तिला शांतपणे उत्तर दिलं, “सुनेचं झालं की तुम्हाला नाही बोलावणार. म्हणून आत्ता बोलावलंय.” ती बाई आली, आणि येताना फळं घेऊन आली.

भर दुपारी, पडदे उघडे, पाटाभोवती रांगोळी. बाईंच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा, पाठीवर माझ्या हिरव्या ब्लाउजचं उरलेलं कापड. ती पाटावर बसवली तशी बसली. कुठलीही धडधाकट मांजर गजरा अंगावर एवढा वेळ सहन करत नाही. हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. औक्षण झालं. गाणी झाली. मग पेढा-बर्फी. दोन वाट्या, वर झाकण, गरोदर बाईने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मांजरीला झाकण उघडता येणार नाही म्हणून काकूंनी झाकणं किलकिली केली आणि दोन्ही वाट्या तिच्यापुढे सरकवल्या.

“सांगा बाई, काय होणार?”

बाईने पहिली वाटी हुंगली आणि मान फिरवली. दुसरी हुंगली, मान फिरवली. मग उठली. पोट जमिनीच्या बाजूला झुललं, पण तिच्या पाठीचा कणा मात्र कापडाखाली एकेक मणी मोजता येईल असा वर आला होता. पाटावरून उतरून ती त्या बायकांच्या मधून हळूहळू चालत गेली आणि पूजेच्या तांब्यात तोंड घातलं. खोलीत नुसता तो आवाज. लपलप, लपलप. प्यायलेलं सगळं पाणी तिने तिथेच रांगोळीवर ओकून टाकलं, आणि परत तांब्यात तोंड घातलं.

“दोन्ही नाही म्हणाली,” काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. “असं मी पाह्यलं नाही.”

लिफ्टमधली बाई खाली कुठेतरी ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणत होती.

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी तिच्या गळ्यातला गजरा काढला, कान हातात धरले, हिरड्या बघितल्या. एकदम मला म्हणाल्या, “हे डोहाळे नाहीत.”

“म्हणजे?”

“डोहाळ्यात हट्ट असतो. ह्यांच्यात हट्टच नाही. उठ, टोपली आण.”

भाजीच्या टोपलीत तिला ठेवून वर ओढणी बांधली. रिक्षावाल्याने टोपलीतून आलेला एक पंजा बघितला आणि हात हँडलवरून काढला. “मावशी, मांजर आडवी गेली तर आम्ही थांबतो. आता आतच बसलीये तर काय करायचं?”

“चालवायचं,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांना कुठेही जायची ताकद नाही.” त्याने रिक्षा सुसाट सोडली आणि सिग्नलही सगळे पाळले नाहीत.

दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र नुकतंच आलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पोटावरचे केस काढले, गार जेल लावलं. सासूबाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर धरत होता. त्यांना पिल्लं बघायची होती, हृदयाचे ठोके म्हणजे लुकलुकणारे ठिपके असतात हे त्यांना ठाऊक होतं. पडद्यावर ठिपके नव्हते. काळ्या, लांबट पोकळ्या होत्या, एकीला लागून दुसरी, कुलूप लावलेल्या खोल्यांसारख्या. आणि त्यांच्या आत काहीतरी फिरत होतं, बारीक, पांढुरकं, संथ. ते हलत होतं, पण जिवंत असल्यासारखं नाही.

“पिल्लं नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “पू आहे. पिशवीचं तोंड मिटलंय म्हणून बाहेर काही आलं नाही. विष रक्तात उतरतंय, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत, म्हणून ती पाणी पाणी करतेय.”

“पण गाभण राहिली कशी?” मी विचारलं. मला अजून तो दारावाचून आलेला पाहुणा सोडवत नव्हता.

“राहिलीच नाही. मांजरीत बीज सुटायला बोक्याचा स्पर्श लागतो. पण कधीकधी नुसतं पाठीमागे चोळलं तरी शरीर फसतं. त्याला वाटतं, झालं. मग ते सगळी तयारी करतं, पिशवीचं अस्तर जाड करतं, मांजर घर मांडते, आणि येणारं तर कुणीच नसतं. माज परत परत फुकट गेला की त्या अस्तरात जंतू घर करतात.” त्यांनी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण घाईने पुढे म्हणाल्या, “आजी, न चोळताही होतं हे. तुमच्या हातांनी झालं असं नाही.”

सासूबाई आपल्या दोन बोटांकडे बघत होत्या.

“आत्ताच्या आत्ता पिशवी काढावी लागेल. भुलीतून उठेल याची खात्री देत नाही. नाही काढली तर उठणार नाही याची देते. काय करू?”

मी होय म्हणायला तोंड उघडलं. सासूबाईंनी हात वर केला.

“थांबा. त्यांना विचारते.”

आणि त्यांनी विचारलं. टेबलावर वाकून, तोंड तिच्या कानापाशी नेऊन, काहीतरी पुटपुटल्या. काय, ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पंखा फिरत होता. डॉक्टर, हातात इंजेक्शन, जागच्या जागी उभ्या. बाईने पिवळे डोळे उघडले आणि सासूबाईंकडे बघितलं. त्या काही दिवसांत तिने पहिल्यांदाच पाण्याव्यतिरिक्त कशाकडे तरी बघितलं होतं. मग तिने हळूच पापण्या मिटल्या.

सासूबाई सरळ झाल्या. “चालेल म्हणाल्या.”

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मी कंपनीत फोन करून सुट्टी घेतली. कारण काय सांगितलं ते सांगत नाही, वरिष्ठ अजून माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

आम्ही बाकावर बसलो. सासूबाईंच्या मांडीवर रिकामी टोपली. उन्हं कलली तेव्हा दार उघडलं. श्वास चालू आहे, डॉक्टर म्हणाल्या, आणि सवयीने विचारलं, बघायचंय का काय काढलं ते. बहुतेक लोक नको म्हणतात. सासूबाई उठल्या. मीही गेले, आयुष्यात असली संधी मी सोडत नाही. स्टीलच्या ट्रेमध्ये दोन फाटे असलेलं काहीतरी होतं, तट्ट फुगलेलं, जागोजागी आवळलेलं, जांभळट. एवढ्याशा प्राण्यात ते कसं मावलं होतं, कळेना. सासूबाईंनी ते निरखून, अगदी सावकाश बघितलं.

“माझी मला दाखवली नव्हती,” त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांना, “टाका आता.”

बाई उठली. लगेच नाही, सलाइन, इंजेक्शनं, आणि सासूबाई चमचाचमचा पेज घेऊन बसलेल्या. टाके चाटू नयेत म्हणून त्यांनी आपल्या जुन्या पोलक्याची बाही कापून तिला अंगरखा शिवला, पायांना चार भोकं पाडून. त्या अंगरख्यात बाई तिरकी तिरकी चालायची, कुणीतरी ढकलल्यासारखी. एक दिवस तिने मासळीचा तुकडा माझ्या ताटातून पळवला आणि आम्ही दोघींनी तो तिला खाऊ दिला. वाट्या उचलल्या गेल्या, एकच राहिली. छत स्थिर झालं. मी वरच्या घराची भीती बाळगणं सोडून दिलं, थोडं नाखुशीनेच.

आणि मग एका दुपारी मी केस धूत होते, आणि डक्टमधून बाळ रडलं.

तसंच. आधी कण्हणं, मग चढत जाणारं. मी बाहेर आले, टॉवेल गुंडाळून, केस गळत. सासूबाई शेंगा सोलत होत्या. बाई त्यांच्या मांडीवर होती, अंगरख्यात, तोंड मिटलेलं. दोघींचे कान त्या आवाजाकडे. रडणं थांबलं. उत्तराची वाट बघावी तितका वेळ गेला. मग पुन्हा सुरू झालं. बाईने उत्तर दिलं नाही. तिने फक्त मान वळवून सासूबाईंकडे बघितलं.

“आई,” मी म्हटलं, “म्हणजे तेव्हा खरंच कुणीतरी...”

“पाठीमागे मीटरच्या खोलीशेजारी डक्टचं दार आहे ना खाली?” सासूबाईंनी शेंगांची सुपली बाजूला ठेवली, बाईला उचलून पाटावर बसवलं. “भटकी मांजर असणार. इतके दिवस ह्यांच्याशीच बोलत होती ती.” त्यांनी माळ्यावरची टोपली खाली घेतली, ओढणी झटकली. वरून आवाज येतच होता, की खालून, त्या डक्टमध्ये काही कळत नाही.

“आणि हे बघ,” दाराशी चपला घालताना त्या म्हणाल्या, “सापडली तर कंबर चोळायची नाही. सरळ टोपलीत. विचारायचं असेल ते मी विचारीन.”

मी ओल्या केसांनिशी त्यांच्यामागे निघाले. लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी होती, दार उघडं, आतली ती बाई बोलत होती. सासूबाईंनी आत जाऊन दार ओढून घेतलं, आणि ती गप्प झाली.